मोबाईलचा खेळ आणि आमच्या पोरांचा फळा

मागच्या पावसाळ्यात वर्षावासाच्या निमित्ताने वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. ग्रंथवाचन आटोपले, वंदना झाली, आयाबाया घराकडे वळल्या. विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून पाच-सहा पोरे एकाच मोबाईलमध्ये डोकी खुपसून बसली होती. गावात नेटवर्क म्हणे त्या भिंतीलाच येते! आम्ही विचारले, "काय चालू हाय रे पोरांनो?" उत्तर आले, "जय भीम काका, अभ्यास करून रायलो." पडद्यावर मात्र धडाधड बंदुका चालत होत्या. आम्ही हसलो, तशी पोरेही हसली. त्यांच्यातला एक धीट पोरगा म्हणाला, "अभ्यास झाला काका, आता एक मॅच."

आमच्या पिढीची अशा वेळची प्रतिक्रिया ठरलेली आहे. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत आणि तुम्ही मोबाईलमध्ये तोंड घालून बसता, असे दोन शब्द सुनावायचे आणि चहाला निघून जायचे. आम्हीही तेच करणार होतो. परंतु त्या धीट पोराची आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, हा शाळेत गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही. तोच पोरगा त्या क्षणी गोळ्या किती उरल्या, मैदानाचे वर्तुळ किती वेळात आवळत येणार, कोणी कोणत्या बाजूने घुसायचे, याचा हिशेब चौघांना सांगत होता आणि चौघे त्याचे ऐकत होते. मग प्रश्न पडतो की, या पोराला हिशेब येत नाही, की शाळेत तो करण्याची त्याला छाती होत नाही?

बाबासाहेबांच्या शाळेतली गोष्ट चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी त्याला गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तर वर्गात एकच कल्लोळ झाला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावाचा हात फळ्याला लागण्याआधी पोरांनी धावत जाऊन आपापले डबे काढून घेतले. गणित येत होते. अडचण फळ्यापर्यंत पोहोचण्याची होती.

आज फळ्यामागे डबे नसतात. परंतु आडनाव विचारण्याची, "तुम्हाला तर सवलत आहे" असे वर्गात म्हणण्याची, चुकले की सगळ्यांसमोर उभे करण्याची रीत गेली आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! मोबाईलमधला खेळ मात्र आडनाव विचारीत नाही. पोरगा वीस वेळा हरला तरी खेळ त्याला वर्गाबाहेर काढीत नाही, एकविसाव्यांदा पुन्हा डाव मांडून देतो. चूक केली तर ती चूक कुठे झाली ते लगेच दाखवतो. जगभरातले शिक्षणतज्ज्ञ आज खेळातून शिक्षणाचा जो गवगवा करीत आहेत, त्याचे मर्म एवढेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही खेळावर आधारित शिक्षणाची भाषा आहे, सहावीपासून कोडिंग शिकविण्याचे आश्वासन आहे. अपमानाशिवाय चूक करता येणे ही ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या अपमानात गेल्या त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही. म्हणून तंत्रज्ञान आले की नाक मुरडणारा सूर आम्हाला मान्य नाही. इंग्रजी आली तेव्हा महात्मा फुल्यांनी नाक मुरडले नाही, आगगाडी आली तेव्हा आमच्या बापजाद्यांनी नाक मुरडले नाही.

परंतु खेळ म्हणजे निष्पाप वस्तू, असेही समजण्याचे कारण नाही. आपण लहानपणी खेळलो ती सापशिडी घ्या. तिचा मूळ पट म्हणजे मोक्षपट. शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप, आणि शेवटच्या घरात मोक्ष! पोर फाशाच्या दानाने वर चढते, फाशाच्या दानाने गिळले जाते आणि शिकते काय, तर खाली पडलो तो आपल्याच कर्माने. इंग्रजांनी हा खेळ विलायतेला नेला तेव्हा त्यातला मोक्ष गळाला, साप आणि शिड्या उरल्या. आमच्या देशात मात्र त्या पटाची शिकवण पटाबाहेर शेकडो वर्षे चालली. तुझा जन्म तुझ्या पूर्वकर्माने झाला, तेव्हा मुकाट्याने भोग, हीच ना ती शिकवण? म्हणजे खेळातून शिक्षण ही कल्पना नवी नाही. कोणाचे शिक्षण, कोणत्या नियमांनी आणि नियम कोणी लिहिले, हे प्रश्न तेव्हाही होते आणि आजही आहेत.

आजच्या खेळाचे नियम कंपन्या लिहितात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, वरच्या पायरीला जाण्यासाठी नाणी, आणि नाणी संपली की खऱ्या पैशाने विकत घ्या. पोराने किती शिकावे याच्याशी या रचनेला देणेघेणे नाही, तो पडद्यापुढे किती वेळ बसतो याच्याशी आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पबजी बंद केला. पोरे दुसऱ्या खेळावर गेली. २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. ही बंदी चिनी संबंध आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणाने होती. खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणाचे काय होते, हा विषय त्यात कुठेच नव्हता. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून जिंकण्याचे खेळ व त्यांच्या जाहिराती यांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन, असे त्याचे स्वरूप आहे. रमीपायी कर्जात बुडालेली तरुण पोरे ज्यांनी पाहिली आहेत ते या बंदीचे स्वागतच करतील, आम्हीही करतो. त्याच्या महिनाभर आधी राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधिमंडळाच्या सभागृहात मोबाईलवर पत्त्यांचा खेळ उघडून बसल्याची चित्रफीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते दिले गेले. यावर आम्ही काय भाष्य करावे!

पैशाचे खेळ बंद झाले, परंतु पोराला बंदुकीचा सोनेरी रंग विकत घ्यायला लावणारा खेळ हा जुगार ठरत नाही. आणि त्याहून सभ्य कपड्यात एक व्यवहार चालतो, तो शिक्षणाच्याच नावाने. शिकवणीच्या ॲपांनी खेळांचीच रचना उचलली. गुण, पदके, पायऱ्या, आणि मग वसुली. बायजूज ही या धंद्यातली सर्वात मोठी कंपनी. २०२२ मध्ये तिची किंमत २२ अब्ज डॉलर धरली जात होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने तिच्या प्रमुखांना समन्स काढले. पालकांना कर्जाच्या जाळ्यात ओढून अभ्यासक्रम गळ्यात मारले जातात, अशा तक्रारी होत्या. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे अशा मुलांना हेरले जाते, असे आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले. कंपनीने आरोप नाकारले. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वाचकांनी लक्षात घ्यावे की, पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणजे कोण? ज्या घरात बाप गवंडीकाम करतो, आई सोयाबीन सोंगायला जाते, आणि पोरगी दहावीत पहिली आली म्हणून दोघेही कशावरही सही करायला तयार होतात, ते घर. बाबासाहेबांनी शिक्षणाची जी भूक या समाजात पेटविली, तीच बाजाराने हेरली.

आता वाशीमकडे येऊ. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना "आकांक्षित" असे गोंडस नाव दिले, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्यासोबत वाशीमही होता. त्या कार्यक्रमात १०० पैकी ३० गुण शिक्षणाला ठेवलेले आहेत. गुणांचा तक्ता संगणकावर भरला जातो, जिल्ह्यांची चढाओढ लावली जाते, कोण वर गेला, कोण घसरला ते दिल्लीत दिसते. हाही एक सापशिडीचाच खेळ म्हणायचा. फक्त फासा कलेक्टरच्या हातात आणि सोंगटी आमची पोरे!

या चढाओढीची खरी परीक्षा कोरोनाने घेतली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" अशी घोषणा राज्य सरकारने केली. कोणाचे सुरू? टाळेबंदीच्या आधीच, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने सांगून ठेवले होते की, देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली घरे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली घरे १४.९ टक्के. तरीही शिक्षण तारेवर चढविले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अभ्यासकांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाईन शिकणारी मुले अवघी ८ टक्के निघाली. त्यातही अनुसूचित जाती-जमातींची ४ टक्के आणि इतरांची १५ टक्के. गरीब वस्त्यांमधल्याच मुलांत हा जवळजवळ चौपट फरक. मोबाईलला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

त्या काळात सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" नावाची मालिका लागायची. पाठ्यपुस्तकावर आधारलेली, घरातल्या वस्तूंनी करता येणारे खेळ व प्रयोग दाखविणारी. तिला ना डेटा लागत होता, ना ॲप. एका घरच्या टीव्हीपुढे चार घरची पोरे बसू शकत होती. जुने तंत्रज्ञान गरिबाच्या जास्त कामी येते, हे तेव्हा दिसले. परंतु टीव्हीतून नाणी विकता येत नाहीत आणि पोराची माहितीही गोळा करता येत नाही, म्हणून असेल, त्याचा गाजावाजा झाला नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये शैक्षणिक ॲपे मुलांवर कशी पाळत ठेवतात याचा जो अहवाल काढला, त्यात आपल्या सरकारच्या "दीक्षा" ॲपचेही नाव होते.

आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये काय घडले, ते वाशीमच्या लोकांना आठवत असेल. रिसोड तालुक्यातील देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना एकदम कोरोनाची लागण झाली. त्यातली बहुतेक पोरे अमरावती-यवतमाळकडची. देशभर बातमी झाली, वसतिगृहातली गर्दी, मास्क, नियम यांची चर्चा झाली. साथ सुरू असताना आईबापांनी पोरांना परजिल्ह्यातल्या वसतिगृहात का पाठविले असेल, हा प्रश्न फार कमी लोकांनी विचारला. ज्याच्या घरी वेगळी खोली, वेगळा मोबाईल आणि इंग्रजी येणारा बाप आहे, त्याचे पोर घरी बसून शिकले. ज्याच्या घरी यातले काही नाही, त्याला शिकायचे तर शाळेतच जावे लागते, साथ असो नसो.

आता घराघरात मोबाईल आला आहे, मग दरी मिटली, असे काही विद्वान सांगतात. मोबाईल आला हे खरेच आहे. "असर"च्या पाहणीनुसार २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, दोनच वर्षांत तो ६१.८ टक्के घरांत पोहोचला. शाळा बंद पडल्या तसे आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून मोबाईल घेतले. परंतु तो कोणाच्या हातात? याच संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची जी मुले मोबाईल वापरू शकतात, त्यांच्यापैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा मोबाईल होता, मुलींकडे १९.८ टक्के. विहारामागच्या त्या टोळक्यातही एकही पोरगी नव्हती. त्या धीट पोराची बहीण नववीत शिकते. तिला आम्ही विचारले, तुझ्या हाती मोबाईल केव्हा येतो? ती म्हणाली, "दादा झोपल्यावर." सावित्रीमाईंचे फोटो लावून जयंत्या करणाऱ्या आम्हा सर्वांच्या घरातले हे उत्तर आहे, हे कबूल केले पाहिजे.

आणि ही पोरगी दहावी झाली की पुढचे सगळे दरवाजे पडद्यावरूनच उघडतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाईन झाले. २१ मे २०२५ ला प्रक्रिया सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ झोपले, ते २६ मेपासून पुन्हा सुरू करावे लागले. आधी गावाजवळच्या कॉलेजात बाप जाऊन हात जोडून प्रवेश घेऊन यायचा. आता तो नेट कॅफेवाल्यासमोर हात जोडतो. एका तालुक्याच्या गावी आम्ही स्वतः पाहिले, कॅफेवाल्याने घाईत एका पोरीच्या अर्जात जातीचा रकाना चुकीचा भरला. पोरीच्या लक्षात आले म्हणून वाचले. बाप बाजूला उभा राहून फक्त पैसे मोजत होता. २००१ मध्ये एम.एस.सी.आय.टी. आली तेव्हा आमच्या पोरांनी मजुरीच्या पैशातून फी भरून ती प्रमाणपत्रे मिळविली, कारण सरकारी नोकरीला ती लागत होती. प्रमाणपत्र हातात आले तोवर नोकरी कंत्राटदाराच्या हातात गेली. माऊस फिरविता येणे म्हणजे संगणक येणे नव्हे, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

यात सर्वात मोठा धोका निराळाच आहे. तंत्रज्ञान हे शिक्षकाच्या हातातले साधन राहावे की शिक्षकाला घालविण्याचे निमित्त व्हावे? २०१७ च्या डिसेंबरमध्ये पट कमी म्हणून राज्यातील तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून "समूह शाळा" करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागविले, उदाहरण तोरणमाळचे दिले. मोठी इमारत, संगणक कक्ष, डिजिटल वर्ग, आणि पोरांना नेण्यासाठी गाडी. ऐकायला छान. परंतु कमी पटाची शाळा कोणाच्या वस्तीत असते? तांड्यावर, पाड्यावर, गावकुसाबाहेर. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरची पोरगी पावसाळ्यात नाला ओलांडून गाडीने जाईल, की दोन वर्षांत तिचे लग्न उरकले जाईल, याचे उत्तर डिजिटल वर्गापाशी नाही. आणि तो डिजिटल वर्ग तरी चालतो काय? थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून किती वेळा आल्या! संगणक कक्षांसाठी नेमलेले कंत्राटी शिक्षक कराराची मुदत संपली तसे घरी गेले, मागे धूळ खात पडलेले संगणक राहिले. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की, कर भरतो कष्टकरी शेतकरी आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. दीडशे वर्षे व्हायला आली, साहेब बदलले, हिशेब तोच आहे.

पडद्याने शिक्षण बदलते ते कुठे, याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा गुरुजी म्हणून त्यांचे नाव झाले. परंतु त्या कोडमागची खरी गोष्ट अशी की, शाळेतल्या पोरींची घरची भाषा कन्नड होती. गुरुजी ती भाषा शिकले, पुस्तके तिच्यात आणली, आणि मग कोड लावले. आधी माणूस पोरापर्यंत गेला, यंत्र त्याच्या मागून गेले. आमच्या वाशीमात तांड्यावरचे पोर गोरमाटी बोलत शाळेत येते, बौद्धवाड्यातले पोर वऱ्हाडी. त्यांच्या भाषेतला एक तरी खेळ, एक तरी ॲप कोणी केले आहे काय? करण्यासाठी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही. स्क्रॅचसारखी साधने फुकट मिळतात, त्यात दहा वर्षांचे पोर स्वतः खेळ बनवू शकते, नियम स्वतः लिहू शकते. जो पोरगा चौघांना डाव समजावून सांगतो, त्याला डाव बनविणे शिकविले तर तो गिऱ्हाईक राहणार नाही.

यासाठी विहारात जयंतीच्या वर्गणीतून एक जुना संगणक आणि एक वायफाय बसविणे कठीण नाही. डीजेचा एका रात्रीचा खर्च त्याहून जास्त असतो, हे आम्ही लिहिले की काही कार्यकर्ते रागावतात, रागावोत. आठवड्यातले चार दिवस तो संगणक आधी पोरींना मिळेल, एवढा नियम मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवर लागला पाहिजे. इंजिनिअर होऊन पुण्या-मुंबईला गेलेली आमची पोरे धम्मचक्र प्रवर्तनदिनाला गावी येतात. त्यांनी दोन दिवस अशा पोरांसोबत बसावे.

परंतु विहार हा शाळेला पर्याय नव्हे. शाळा सरकारचीच आणि ती चालविणे सरकारचेच काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. आमच्या किती वस्त्यांतले पालक या बैठकीला जातात? बहुतेक ठिकाणी सही घरी येते आणि आपण ती करून देतो. पुढच्या बैठकीला जा. शाळेचे वीजबिल कधीपासून थकले आहे, ते विचारा. दोन वर्गांना एक शिक्षक असेल तर दुसरा केव्हा येणार, ते इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेला आलेले टॅब आणि संगणक कोणत्या कपाटात आहेत, ते उघडून पाहायला मागा. आम्ही त्या गावातल्या आयांनाही हेच सांगून आलो. त्यातली एक म्हणाली, कपाट तर आम्ही पाहिलं भाऊ, पण त्याची किल्ली कोणापाशी असते, तेच गावात कोणाले माहीत नाही.